चित्रांच्या शाळेत

व्हिन्सेंट व्हॅन गॉग हॉलंडमध्ये १८५३ साली जन्मला. खेड्यात राहून तो शेतकऱ्यांची काळपट रंगांतील चित्रे काढी; ती कोणी विकत घेईना. १८८५ च्या ऑक्टोबरात तो आगगाडीने ॲम्स्टरडॅमचे नवे चित्रसंग्रहालय पाहावयास गेला. तेथे रेम्ब्राँच्या ‘यहुदी वधू’ या चित्रासमोर तो जो बसला, तो उठेना. सोबतचा मित्र इतर दालने पाहून परतला, तरी तो तेथेच! थोर चित्रकार किती झपाट्याने व निर्भयपणे रंग लावीत, हे त्याने हेरले. पुढे बेल्जियममध्ये व फ्रान्समध्ये तो शिकतच राहिला आणि त्याच्या चित्रांत सूर्यप्रकाश फुलला. १८९० साली, अवघ्या ३७ व्या वर्षी, तो निवर्तला. आज त्या संग्रहालयाजवळच त्याच्या चित्रांचे स्वतंत्र संग्रहालय उभे आहे.