डाव्या हाताचा खेळ

मी डावरी आहे. ही काही मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट आहे असे मला कधी वाटले नाही. उलट ती झाकून ठेवण्यासारखी आहे, असेच लहानपणापासून मनावर ठसत गेले. देवळात प्रसादासाठी डावा हात पुढे झाला की आजी त्यावर हलकेच चापट मारी. पंगतीत जेवताना आई डोळ्यांनीच खुणावी. त्याचे मला फारसे काही वाटत नसे. वाईट वाटले ते एकदाच, सातवीत असताना.

त्या वर्षी मी पेटीच्या क्लासला जाऊ लागले होते. भाता डाव्या हाताने आणि पट्ट्या उजव्या हाताने, हा तिथला पहिला धडा. माझी उजवी बोटे पट्ट्यांवर अडखळत आणि डावी मात्र आपोआप धावत. तीन आठवडे शिक्षकांनी सोसले. चौथ्या आठवड्यात त्यांनी सगळ्या मुलांसमोर सांगून टाकले, की वाद्य उलटे धरून संगीत येत नसते. मुले हसली. मी घरी येऊन काही बोलले नाही, पण त्यानंतर क्लासलाही गेले नाही. आजोबांची पेटी कापडात गुंडाळून माळ्यावर गेली ती गेलीच.

हे सारे आठवण्याचे कारण घडले गेल्या पावसाळ्यात. वसतिगृहात वीज गेली होती. माझी खोलीतली मैत्रीण मोबाइलवर एक जुनी काळी-पांढरी चित्रफीत पाहत होती. पांढऱ्या केसांची, साध्या पोशाखातली एक कृष्णवर्णीय बाई गिटार वाजवीत होती. चेहरा शांत. बोटे मात्र अशी चालली होती, की एकाच वेळी दोघे जण वाजवीत आहेत असे वाटावे. सूर मोठे प्रसन्न होते. ऐकता ऐकता माझे लक्ष तिच्या हातांकडे गेले आणि मी मोबाइल मैत्रिणीच्या हातातून ओढूनच घेतला. त्या बाईने गिटार उलटी धरली होती. तारा छेडणारा तिचा हात डावा होता!

त्या बाईचे नाव एलिझाबेथ कॉटन. त्या दिवसापासून मिळेल तिथून मी त्यांची माहिती वाचत गेले. ती माझ्या मित्रमैत्रिणींना सांगावी म्हणून हा लेख.

एलिझाबेथचा जन्म ५ जानेवारी १८९३ चा, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला. चॅपल हिल या गावाला लागून असलेली ही वस्ती आज कारबरो म्हणून ओळखली जाते. माहेरचे आडनाव नेव्हिल. वडील खाणीत काम करीत आणि आई सुईणपण करी. पाच भावंडांत ही धाकटी. गुलामगिरी कायद्याने संपून अठ्ठावीस वर्षे झाली होती, पण तिची सावली हटली नव्हती. शाळा वेगळी, गाडीतला डबा वेगळा, आणि पुढे कोणते काम करायचे हेही जणू जन्मतःच ठरलेले. घरात तिला कोणी नावाने हाक मारीत नसे. लाडाचे एखादे संबोधन पुरे होई. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारले तेव्हा तिने स्वतःच एक नाव सांगून टाकले. तेच एलिझाबेथ. आपले नाव आपणच ठेवणारी मुलगी पुढे आपली वाजवण्याची रीतही आपणच काढील, यात नवल ते काय?

तिच्या भावाकडे बँजो होता. तो कामाला गेला की ही सात-आठ वर्षांची पोर गुपचूप तो काढून वाजवीत बसे. डावखुरी असल्यामुळे तिने तो उलटा धरला. पुढे भाऊ घर सोडून गेला आणि वाद्यही त्याच्याबरोबर गेले. तेव्हा तिने स्वतःचे वाद्य घ्यायचे ठरविले. शाळा सुटली होतीच. ती एका गोऱ्या बाईंच्या घरी घरकामाला लागली. पगार महिन्याला पाऊण डॉलर. गावातल्या दुकानात गिटार होती पावणेचार डॉलरांची. म्हणजे बरोबर पाच महिन्यांचा पगार! अकरा-बारा वर्षांच्या त्या मुलीने पै-पै साठवून ती गिटार घरी आणली. मग रात्री-अपरात्री घरातल्या माणसांची झोपमोड सुरू झाली असेल, हे वेगळे सांगायला नकोच.

इथे गिटारविषयी थोडे सांगितले पाहिजे. उजव्या हाताने वाजवणाऱ्याच्या अंगठ्याजवळ जाड, खर्जाच्या तारा येतात. अंगठ्याने ठेका धरायचा आणि बोटांनी बारीक तारांवर गाण्याची चाल काढायची, ही नेहमीची पद्धत. डावखुरे वादक बहुधा तारा काढून उलट्या क्रमाने बसवून घेतात, म्हणजे सारे पुन्हा सुलट होते. एलिझाबेथला हे कोणी सांगितले नाही. तिने तारा होत्या तशाच ठेवल्या आणि गिटार फिरवली. त्यामुळे बारीक तारा अंगठ्याजवळ आल्या आणि खर्जाच्या खाली गेल्या. मग तिचा अंगठा चाल गाऊ लागला आणि बोटे ठेका धरू लागली. या उलट्या कामातून जो नाद निघाला तो दुसऱ्या कोणाच्या गिटारीतून निघत नव्हता. आज जगभरचे वादक या शैलीला तिच्याच आडनावाने ओळखतात आणि मोठ्या कष्टाने शिकतात. मला राहून राहून एक वाटते. तिला शिकवायला कोणी नव्हते हे तिचे दुर्दैव खरे. पण त्यामुळेच तुझे चुकते आहे असे सांगायलाही कोणी नव्हते!

घराजवळून आगगाडीचा रूळ जात असे. त्या गाड्यांचा आवाज ऐकत बालवयातच तिने एक गाणे रचले, मालगाडीचे. त्यात मरणाची गोष्ट आहे, मेल्यावरही गाडीचा आवाज कानावर यावा अशी इच्छा आहे. पण चाल अशी हसरी आणि धावती, की ऐकणाऱ्याचे मन उदास न होता हलके व्हावे. हेच गाणे पुढे ‘फ्रेट ट्रेन’ या नावाने जगभर गेले.

पण त्याआधी सुमारे चाळीस वर्षांचा काळोख आहे. १९१० साली सतराव्या वर्षी फ्रँक कॉटन यांच्याशी तिचे लग्न झाले. मुलगी झाली. चर्चमधल्या मंडळींनी समजावले की देवाची सेवा करायची तर असली संसारी गाणी सोडली पाहिजेत. कॉटनबाईंनी गिटार खाली ठेवली. त्यात भांडण नाही, रडारड नाही. हळूहळू वाजवणे कमी झाले आणि मग थांबले. दिवसभर दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक, धुणे, इस्त्री. संध्याकाळी स्वतःचा संसार. या वर्षांविषयी लिहिण्यासारखे फार थोडे आहे. आपल्याकडेही असंख्य बायकांच्या आयुष्यात अशी वर्षे असतात आणि त्यांच्याविषयीही कोणी लिहीत नाही.

पुढे पतीपासून विभक्त होऊन त्या मुलीकडे, वॉशिंग्टनला आल्या. १९४० च्या दशकात तिथल्या लॅन्सबर्ग या मोठ्या दुकानात त्या बाहुल्यांच्या विभागात काम करीत असताना त्यांना एक हरवलेली लहान मुलगी सापडली. ती त्यांनी तिच्या आईच्या स्वाधीन केली. या दोघींची ओळख झाली आणि त्या बाईंच्या घरी कॉटनबाई कामाला जाऊ लागल्या. मुलीचे नाव पेगी आणि आईचे रूथ क्रॉफर्ड सीगर.

दैवयोग पाहा. रूथ सीगर या नामांकित संगीतरचनाकार, आणि त्या काळात लोकगीते ध्वनिमुद्रणांवरून उतरवून घेण्याच्या कामात गढलेल्या. त्यांचे पती चार्ल्स सीगर संगीताचे मोठे अभ्यासक. सावत्र मुलगा पीट सीगर लोकगीतांचा गायक म्हणून पुढे जगप्रसिद्ध झाला. म्हणजे बाहेरच्या खोलीत रानोमाळची लोकगीते कागदावर उतरत होती, आणि स्वयंपाकघरात कपड्यांना इस्त्री करणाऱ्या बाईला ती गीते लहानपणापासून येत होती. तिला कोणी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. अशी काही वर्षे गेली! घरातल्या लहान मुलीला एलिझाबेथ हे नाव उच्चारता येईना, म्हणून ती लिबा म्हणू लागली आणि तेच नाव पडले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेगीची गिटार टांगलेली असे. एके दिवशी कॉटनबाईंनी ती काढली आणि उलटी धरून वाजवू लागल्या. पेगीने ऐकले आणि घरातल्यांना कळले की आपण ज्याच्या शोधात गावोगावचे आवाज ऐकत होतो, ते आपल्याच घरात भाकरी भाजीत होते.

पुढची गोष्ट थोडी कडू आहे. १९५० च्या दशकात पेगी इंग्लंडला गेली आणि तिथे तिने मालगाडीचे गाणे गायले. ते लोकांना आवडले. दुसऱ्याच कोणी ते आपल्या नावावर नोंदवून घेतले, आणि १९५७ साली चास मॅकडेव्हिट आणि नॅन्सी व्हिस्की यांनी गायलेली त्याची तबकडी इंग्लंडमध्ये पहिल्या पाचांत जाऊन पोचली. ज्या बाईने बालपणी ते रचले होते, ती त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये लोकांच्या घरचे काम करीत होती. पुढे सीगर कुटुंबाने कॉटनबाईंची बाजू लावून धरली आणि त्या गाण्याला त्यांचे नाव मिळाले. शाळेत स्वतः घेतलेले नाव, आणि ते स्वतःच्या गाण्यावर यावे म्हणून साठी उलटावी लागली!

रूथबाईंचा मुलगा माइक याने कॉटनबाईंच्या राहत्या घरी जाऊन, नातवंडांच्या गराड्यात, त्यांचे वाजवणे आणि गाणे ध्वनिमुद्रित केले. न्यूयॉर्कच्या फोकवेज या कंपनीने १९५८ साली ती ध्वनिमुद्रिका काढली. एक बाई, एक गिटार आणि अधूनमधून तिचा पातळ, थोडा थकलेला आवाज. बाकी काही नाही. नाचाच्या चाली आहेत, प्रार्थनेची गाणी आहेत आणि मालगाडी आहे. कॉटनबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. परीक्षेच्या दिवसांत रात्री मी ही ध्वनिमुद्रिका कितीदा ऐकली असेल याची गणतीच नाही. तिच्यात सांत्वनाचे शब्द नाहीत, तरी ऐकून उठताना मनाला उभारी येते. चाळीस वर्षे गप्प बसलेल्या हातांत कडवटपणा कसा नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

त्यानंतर त्यांना मागे वळून पाहावे लागले नाही. महाविद्यालयांत आणि लोकसंगीताच्या महोत्सवांत त्या वाजवू लागल्या. १९६७ च्या ‘शेक शुगरी’ या ध्वनिमुद्रिकेतील त्या नावाच्या गाण्याची कडवी त्यांच्या पतवंडांनी मिळून जुळवली आणि एका बारा वर्षांच्या पणतीने ते गायले. १९७८ मध्ये त्या न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरी राहायला गेल्या. १९८४ साली त्यांना लोककलावंतांसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला आणि १९८५ साली, ब्याण्णव्या वर्षी, ग्रॅमी पुरस्कार. २९ जून १९८७ रोजी त्यांचे देहावसान झाले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या रॉक अँड रोल कीर्तिदालनात, पुढच्यांना वाट दाखवणाऱ्यांच्या मालिकेत त्यांचे नाव समाविष्ट झाले. पावणेचार डॉलरांची गिटार कुठवर पोचली पाहा!

अशी चरित्रे आपण नेहमी एकाच सुरात संपवतो. वय आड येत नाही, जिद्द हवी, वगैरे. ते खोटे नाही. पण मला ती चाळीस वर्षे विसरता येत नाहीत. त्या वर्षांत ज्या चाली सुचल्या असत्या त्या आता कोणालाच ऐकता येणार नाहीत. ग्रॅमीने त्यांची भरपाई होत नाही. आणि त्या दुकानात मूल हरवलेच नसते तर? भिंतीवर गिटार नसती तर? कॉटनबाई मोठ्या होत्याच, पण त्या आपल्याला मिळाल्या हा योगायोग होता. ज्यांच्या वाट्याला असा योगायोग आला नाही, त्या किती असतील?

दिवाळीच्या सुटीत घरी गेल्यावर मी माळ्यावरून पेटी खाली काढली. भात्याला दोन ठिकाणी चिरा गेल्या होत्या. त्या वडिलांनी चिकटवून दिल्या. मग उजवा हात भात्यावर ठेवला आणि डावा पट्ट्यांवर. अंगठा वरच्या स्वरांकडे आला आणि करंगळी खर्जाकडे; पुस्तकात दिलेले बोटांचे आकडे सगळे निरुपयोगी झाले. कोणते बोट कुठे ठेवायचे ते माझे मलाच शोधावे लागत आहे. अजून साधे अलंकारही सरळ येत नाहीत. डाव्या हाताचा खेळ म्हणतात तितका तो सोपा नाही. पहिल्या दिवशी आजी दारात उभी राहून पाहत होती. मला वाटले, आता चापट बसणार. ती पुढे आली, माझ्या शेजारी बसली आणि म्हातारपणी कापणाऱ्या आवाजात तिने एक भजन सुरू केले. आजीला गाणे येते, हे मला वीस वर्षांत ठाऊक नव्हते.