सर पॅट्रिक मॅन्सन

हत्तीरोगाने पाय जड झालेला मनुष्य ज्याने कधीही पाहिला नाही, असा वाचक आमच्या विदर्भात विरळाच. हा रोग फार जुना आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनी त्यास श्लीपद असे नाव दिले असून सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आढळते. तथापि तो होतो कशाने, हे शतकानुशतके कोणासही उमगले नव्हते. कोणी दैवाचा कोप म्हणे, कोणी पूर्वकर्माचे फळ म्हणे. आणि रोगी बिचारा वेदनेबरोबर लज्जेचेही ओझे वाहत घराच्या कोपऱ्यात बसून राही. ह्या रोगाच्या कारणापर्यंत जाण्याची वाट ज्या वैद्याने प्रथम दाखविली, त्या सर पॅट्रिक मॅन्सन ह्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहो.

मॅन्सन ह्यांचा जन्म स्कॉटलंडमधील ओल्डमेल्ड्रम ह्या गावी ३ ऑक्टोबर १८४४ रोजी झाला. त्यांचे वडील बँकेचे व्यवस्थापक होते. कुमारवयात मॅन्सन लोखंडाच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागले. परंतु त्या अवजड कामाने त्यांच्या पाठीस विकार जडला व त्यांस अंथरुण धरावे लागले. कारखान्याची वाट बंद झाली, पण त्या विश्रांतीतच त्यांचे मन सृष्टिशास्त्राकडे व तेथून वैद्यकाकडे वळले. ॲबर्डीन येथे वैद्यकीची पदवी घेऊन १८६६ साली ते चिनी जकात खात्याचे वैद्यकीय अधिकारी म्हणून फोर्मोसा बेटावर, म्हणजे आजच्या तैवानात, गेले. पुढे १८७१ साली ते चीनच्या किनाऱ्यावरील अमॉय बंदरी आले. तेथे जकात खात्याच्या कामाबरोबरच मिशनच्या रुग्णालयाचे कामही ते पाहत असत. त्या रुग्णालयात हत्तीरोगाने ग्रासलेले शेकडो दीन लोक येत. मॅन्सन शस्त्रक्रियेने त्यांचा भार हलका करीत. परंतु रोगाचे मूळ हाती लागत नसल्याची खंत त्यांस स्वस्थ बसू देईना.

हे मूळ कोठे दडलेले होते, हे समजण्यास आपल्या शरीरातील लसीकासंस्थेची ओळख करून घेतली पाहिजे. हृदयाने रेटलेले रक्त अतिसूक्ष्म केशवाहिन्यांतून जाताना त्यातील पाणीदार अंश सभोवारच्या पेशींमधील जागेत झिरपतो. त्यातील बहुतेक भाग पुन्हा रक्तात शिरतो. परंतु दररोज सुमारे ३ लिटर द्रव मागे उरतो. ह्या द्रवास लसीका म्हणतात. ती गोळा करण्यासाठी सर्वांगात नाजूक लसीकावाहिन्यांचे जाळे पसरलेले आहे. त्यांस हृदयासारखा पंप नाही. त्यांच्या भिंतींच्या आकुंचनाने व आपल्या स्नायूंच्या हालचालीने लसीका पुढे सरकते आणि आतील झडपा तिला मागे फिरू देत नाहीत. वाटेत मान, काख, जांघ इत्यादी ठिकाणी लसीकाग्रंथींच्या चौक्या आहेत. तेथील पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी झुंजतात. पायात काटा मोडून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, ते ह्या झुंजीचेच चिन्ह होय. शेवटी शरीराच्या बहुतेक भागांतील लसीका छातीतील मोठ्या वाहिनीने डाव्या गळपट्टीच्या हाडामागील शिरेत येऊन रक्तास मिळते. आमच्या कापसाच्या काळ्या जमिनीत निचऱ्याचा चर बुजला, म्हणजे पाणी तुंबून पीक पिवळे पडते, हे शेतकऱ्यांच्या मुलांस सांगावयास नको. लसीकेचा चर बिघडला की अवयवाची तशीच दशा होते.

ही व्यवस्था युरोपातील शरीरशास्त्रज्ञांनी सतराव्या शतकातच ओळखली होती. पुढे १८७२ साली आपल्याच देशात, कलकत्ता येथे, टिमथी लुईस ह्या डॉक्टरांस माणसाच्या रक्तात सूत्रासारखे सूक्ष्म जंत आढळले. मॅन्सन रजेवर लंडनला गेले असता हा शोध त्यांच्या वाचनात आला. मोठे जंत लसीकावाहिन्यांत राहतात व त्यांची पिले रक्तात येतात, हे स्पष्ट होत चालले होते. परंतु ही पिले एका माणसातून दुसऱ्यात जातात तरी कशी? मॅन्सन ह्यांचा संशय डासावर गेला.

१८७७ साली अमॉय येथे त्यांनी तो तपासून पाहिला. हिन-लो नावाच्या त्यांच्या माळ्याच्या रक्तात ह्या जंतांची पिले होती. तो डासांनी भरलेल्या बंद खोलीत रात्री निजला. रक्त पिऊन तट्ट फुगलेले डास सकाळी गोळा करण्यात आले आणि मॅन्सन दररोज काही डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागले. डासाच्या देहात ती पिले मरून न जाता वाढत आहेत, असे त्यांस दिसून आले. माणसाच्या रोगाचा जंतू कीटकाच्या देहात वाढतो, ही गोष्ट त्या काळी अगदी नवी होती व पुष्कळांस ती हास्यास्पद वाटली. पुढे मॅन्सन ह्यांनी रात्रंदिवस ठराविक अंतराने रक्त तपासून दाखविले की, ही पिले दिवसा वरच्या रक्तात क्वचितच दिसतात व रात्री थव्यांनी येतात. त्यांस वाहून नेणारा डासही रात्रीच चावतो. ह्या शोधाचे श्रेय देताना त्या गरीब माळ्याचा विसर पडणे न्यायाचे होणार नाही.

मॅन्सन ह्यांचे सर्वच अनुमान बरोबर ठरले असे नव्हे. डास पाण्यात मरतो व ते पाणी प्यायल्याने रोग होतो, असे त्यांस बरीच वर्षे वाटत होते. १९०० साली त्यांचेच तरुण सहकारी जॉर्ज लो ह्यांस डासाच्या सोंडेत जंत आढळले आणि दंशाची वाट उघड झाली. चांगल्या गुरूच्या चुका त्याचे शिष्य दुरुस्त करतात, ही विद्येची रीतच आहे. हिवतापही डासांशी संबद्ध असावा, हा मॅन्सन ह्यांचा तर्क रोनाल्ड रॉस ह्यांनी मनावर घेतला व १८९७ साली सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधून काढला.

हाँगकाँग येथे चिनी विद्यार्थ्यांसाठी १८८७ साली वैद्यकीय महाविद्यालय काढण्यातही मॅन्सन अग्रणी होते. चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत्-सेन तेथेच शिकले. १८९९ साली लंडनमध्ये उष्ण प्रदेशांतील रोगांच्या अभ्यासाची शाळा त्यांच्या खटपटीने उघडली. १९०३ साली त्यांस सर हा किताब मिळाला. संधिवाताने ते दीर्घकाळ पीडित होते, तरी त्यांचा अभ्यास थांबला नाही. ९ एप्रिल १९२२ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले.

ह्या चरित्राचा आमच्या जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. यवतमाळसह विदर्भातील अनेक जिल्हे हत्तीरोगाच्या प्रदेशात मोडतात. रक्ताचा थेंब घेण्यास आरोग्य कर्मचारी रात्री दारी येतात, तेव्हा काही घरी कुरकुर होते. परंतु ती वेळ त्यांनी निवडलेली नसून जंतानेच निवडलेली आहे, हे आता वाचकांच्या ध्यानी येईल. तसेच मोहिमेत वाटलेल्या गोळ्या धडधाकट मनुष्याने कशास घ्याव्या, असे पुष्कळ पालक विचारतात. त्याचे कारण असे की, जंत देहात वर्षानुवर्षे राहूनही बाहेर काहीच दिसत नाही, आणि एकाच्या रक्तातील पिले डासामार्फत शेजाऱ्याच्या मुलाकडे जातात. दोन वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया व फार आजारी माणसे वगळून इतरांनी जेवणानंतर, कर्मचाऱ्यांसमक्ष, त्या घ्याव्या. जुनी सूज गोळ्यांनी सहसा उतरत नाही. तरी पाय रोज साबणाने धुऊन कोरडा ठेवल्यास रोग्याचे हाल पुष्कळ कमी होतात. ज्या गटारांत व डबक्यांत हे डास वाढतात, ती वाहती करणे तर विद्यार्थ्यांच्याही हाती आहे.

जन्मांध मनुष्याच्या अंधत्वाचा दोष त्याच्या किंवा त्याच्या आईबापांच्या माथी मारण्यास आमच्या प्रभूने नकार दिला होता. मॅन्सन ह्यांच्या सूक्ष्मदर्शकाने हत्तीरोग्याच्या बाबतीत तीच साक्ष दिली. सुजलेल्या पायाच्या मनुष्यास पाहून तोंड फिरविणारा विद्यार्थी ह्या थोर वैद्याचे चरित्र वाचूनही शिकला नाही, असेच आम्ही समजू.