अफलातून : नावामागचा माणूस



सुरमईचे कालवण झकास जमले की आपण मालवणकडची माणसे सहज म्हणतो, अफलातून! परंतु हे एका शिक्षकाचे नाव आहे, याची आपल्यापैकी कितीजणांना कल्पना असेल?

इंग्रजी पुस्तकांतला प्लेटो तोच आपला अफलातून. ग्रीक भाषेत त्याचे नाव प्लातोन. अरबीत 'प' नाही, म्हणून 'फ' आला. शब्दारंभी जोडाक्षरही अरबीला चालत नाही, म्हणून आधी 'अ' लागला. आपली वडीलधारी मंडळी 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. पुढे फारसीच्या वाटेने हे नाव मराठीत आले आणि 'असामान्य' या अर्थाचे विशेषण होऊन बसले.

अफलातूनचा जन्म इ.स.पूर्व ४२७ च्या सुमारास अथेन्सच्या एका खानदानी घराण्यात झाला. त्याचे मूळ नाव अरिस्तोक्लीस होते आणि रुंद खांदे पाहून कुस्तीच्या वस्तादाने त्याला प्लातोन म्हटले, अशी जुनी आख्यायिका आहे. ग्रीकमध्ये 'प्लातुस' म्हणजे रुंद. मात्र हे नाव अथेन्समध्ये सर्रास ठेवले जाई, म्हणून आजचे अभ्यासक या कथेबद्दल साशंक आहेत.

तरुणपणी त्याला सुकरात, म्हणजे सॉक्रेटिस, हा गुरू लाभला. इ.स.पूर्व ३९९ मध्ये तरुणांना बिघडवल्याच्या आरोपावरून अथेन्सने त्या वृद्ध गुरूला विषाचा प्याला दिला. अफलातून तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या आसपास होता. घराणे मोठे, राजकारणाचा मार्ग मोकळा. पण त्याने तो सोडला. गुरूने स्वतः काही लिहून ठेवले नव्हते. शिष्याने संवादरूपाने ग्रंथ लिहून त्याला अमर केले.

इ.स.पूर्व ३८७ च्या सुमारास शहराबाहेरच्या एका राईत त्याने विद्यालय काढले. त्या जागेच्या नावावरूनच 'अकादमी' हा शब्द जगभर गेला. अरस्तू, म्हणजे ॲरिस्टॉटल, सतराव्या वर्षी तेथे आला आणि वीस वर्षे राहिला. दोन स्त्रियाही तेथे शिकल्याची नोंद जुन्या चरित्रग्रंथात आहे. राज्याचे रक्षण करणाऱ्या स्त्रियांना पुरुषांइतकेच शिक्षण द्यावे, असे त्याने आपल्या ग्रंथात मांडले होते. इ.स.पूर्व ३४७ मध्ये तो वारला.

पुढे फाराबीने त्याच्या विचारांवर लिहिले. इब्न रुश्दने त्याच्या राज्यविषयक ग्रंथावर भाष्य केले. अशा वाचणाऱ्यांनी हे नाव जपले, म्हणून ते आपल्या ओठांवर आले.

तेव्हा पालकहो, कालवणाला अफलातून जरूर म्हणा. पण घरातली मुलगी दहावीनंतर पुढे शिकू म्हणेल, तेव्हाही या शिक्षकाची आठवण ठेवा.