रायगडावरील समाधी आणि लोकमान्य टिळक

धरमतरच्या खाडीवर राहणाऱ्या वाचकांस रायगड हे नाव परके नाही. पूर्वी मुंबईहून आगबोटीने येणारा उतारू धरमतरास उतरे आणि वडखळ, नागोठणे या वाटेने महाडकडे जाई. पूर्वी कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या या जिल्ह्यास १९८१ सालापासून त्याच गडाचे नाव मिळाले आहे. आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या वर्षी जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठी वर्गणीचा विषय घरोघर निघत आहे. अशा वेळी ज्या थोर पुरुषाने एका मोडक्या समाधीसाठी सबंध महाराष्ट्रापुढे हात पसरला, त्याचे चरित्र स्मरणे उचित होईल.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. वडील शिक्षक व संस्कृतज्ञ होते. मातापित्यांचे छत्र लहानपणीच हरपले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण घेऊन १८७९ साली ते कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. परंतु वकिलीतील धन सोडून त्यांनी १८८० साली चिपळूणकर व आगरकर यांच्यासमवेत न्यू इंग्लिश स्कूलच्या कार्यास वाहून घेतले. पुढील वर्षी केसरी व मराठा ही पत्रे निघाली. समाजसुधारणेच्या कित्येक प्रश्नांवर त्यांची मते अनेक विचारवंतांस मान्य नव्हती, हे चरित्रकाराने लपवू नये. परंतु हाती घेतलेले काम तडीस नेण्याची त्यांची चिकाटी विरोधकांनीही नाकारली नाही.

१८१८ साली इंग्रजांच्या तोफांपुढे रायगड पडला आणि गडावरील वाडे आगीत भस्म झाले. पुढे जवळजवळ पाऊणशे वर्षे तेथे रान माजले. जगदीश्वराच्या देवळासमोरील शिवाजीमहाराजांची समाधीही झाडाझुडपांत जीर्ण होऊन पडली. १८६९ साली जोतिराव फुले यांनी महाराजांवर पोवाडा प्रसिद्ध करून लोकांस त्यांचे स्मरण दिले होते. १८८३ साली जेम्स डग्लस या इंग्रज ग्रंथकाराने समाधीच्या दुर्दशेविषयी खेद व्यक्त केला, तेव्हा सुशिक्षितांस लाज वाटली. सरकारने देखभालीसाठी मंजूर केलेली रक्कम मात्र वर्षास अवघी ५ रुपये होती! पाच रुपयांत रान तरी कितीसे साफ होणार?

१८९५ साली टिळकांनी केसरीतून हा प्रश्न हाती घेतला. ३० मे रोजी पुण्याच्या हिराबागेत मोठी सभा भरली; काही संस्थानिक व सरदारही तीस उपस्थित होते. जीर्णोद्धारासाठी फंड उघडण्याचे ठरले. टिळकांची दृष्टी येथे विशेष दिसून येते. श्रीमंतांच्या चार मोठ्या देणग्यांवर काम भागविण्यापेक्षा सामान्य माणसाचा लहानसा वाटा त्यांस अधिक मोलाचा वाटला. आलेल्या वर्गणीची पोच केसरीत छापली जाई. ज्याने थोडे दिले त्यालाही आपले दान पोहोचल्याचे कळे, आणि ते काम त्याचे स्वतःचे होई. शुभवर्तमानातील गरीब विधवेच्या दानाचे महत्त्व जाणणाऱ्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको.

१८९६ च्या एप्रिल महिन्यात रायगडावर उत्सव झाला. परंतु सत्कार्याची वाट सरळ नसते. १८९७ च्या जून महिन्यात पुण्यातील शिवराज्याभिषेकाच्या उत्सवासंबंधी केसरीत आलेल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला व १८ महिन्यांची सक्तमजुरी त्यांच्या वाट्यास आली. १९०८ साली पुन्हा सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी ब्रह्मदेशात मंडालेस झाली. ते तेथे बंदीवासात असतानाच, १९१३ साली, ज्या पेढीत फंडाची रक्कम ठेवली होती ती पेढी बुडाली! लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा अशा रीतीने गेला, आणि ज्याच्या शब्दावर तो दिला गेला तो दूर देशी तुरुंगात होता. कोणाही प्रामाणिक कार्यकर्त्यास याहून कठीण प्रसंग तो कोणता?

१९१४ साली टिळक सुटून आले. वय झाले होते, प्रकृती ढासळली होती, अंगावर राजकारणाचा प्रचंड भार होता. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. जीर्णोद्धार झालेली समाधी पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. तथापि मंडळाच्या मागे राहिलेल्या कार्यकर्त्यांनी धीर सोडला नाही. पुन्हा निधी जमला, सरकारी साहाय्यही मिळाले, आणि १९२६-२७ च्या सुमारास समाधीचे काम पुरे झाले. आज जो यात्रेकरू त्या अष्टकोनी चौथऱ्यापुढे उभा राहतो, त्याच्या पायांखाली हजारो अनाम माणसांची वर्गणी आहे. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले समाविष्ट झाले, त्यांत रायगडही आहे.

प्रिय वाचकहो, या चरित्रातून आपण तीन गोष्टी घ्याव्या. जुनी वास्तू ही पूर्वजांची ठेव होय. तिची हेळसांड ही कृतघ्नता होय. वर्गणी गोळा करणाराने हिशेब उघडा ठेवावा आणि जमलेली रक्कम डोळ्यांत तेल घालून जपावी, कारण ती नाण्यांइतकीच विश्वासाचीही असते. आणि काम आपल्या हयातीत पुरे झाले नाही तरी खिन्न होऊ नये. एकाने पाया साफ करावा, दुसऱ्याने दगड बसवावा. फळ देणे परमेश्वराच्या हाती आहे.