व्हिन्सेंट लिंगियारी

व्हिन्सेंट लिंगियारी (मृत्यू: २१ जानेवारी, १९८८) हे ऑस्ट्रेलियातील गुरिंजी या आदिवासी समाजाचे नेते व गुराखी होते. भाडेपट्ट्याने गेलेली वडिलोपार्जित कुरणे परत मिळवण्याच्या लढ्याचे त्यांनी नेतृत्व केले.

पार्श्वभूमी

नॉर्दर्न टेरिटरीतील गुरिंजींच्या भूमीवर १८८३ साली वेव्ह हिल हे गुरेपालन केंद्र सुरू झाले. १९१४ पासून तेथील भाडेपट्टा ब्रिटिश वेस्टी कंपनीकडे होता. गुरिंजी लोक तेथे अत्यल्प मजुरीवर गुरे हाकत. लिंगियारीही लहानपणापासून याच कामात होते. आदिवासी गुराख्यांना समान वेतन देण्याचा निर्णय मार्च १९६६ मध्ये झाला. मात्र त्याची अंमलबजावणी डिसेंबर १९६८ पर्यंत लांबवण्यात आली.

जमिनीची मागणी

२३ ऑगस्ट, १९६६ रोजी लिंगियारींच्या नेतृत्वाखाली सुमारे २०० जणांनी केंद्र सोडले. सुरुवातीला हा संप वेतनासाठीचा मानला गेला, परंतु गुरिंजींची मूळ मागणी जमिनीची होती. १९६७ मध्ये त्यांनी डागुरागु येथे वस्ती केली. ही जागा कंपनीच्या पट्ट्यात असल्याने कायद्याच्या दृष्टीने ते अतिक्रमण ठरत होते. त्याच वर्षी त्यांनी गव्हर्नर-जनरलकडे अर्ज करून सुमारे १,३०० चौ. किमी जमीन मागितली. स्वतःचे गुरेपालन केंद्र चालवणे हा त्यांचा हेतू होता. अर्ज फेटाळला गेला, तरी गुरिंजींनी वस्ती हलवली नाही.

पट्टा ते मालकी

१६ ऑगस्ट, १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या तळहातावर माती ठेवून सुमारे ३,२०० चौ. किमी जमीन गुरिंजींना सुपूर्द केली. तथापि तो केवळ भाडेपट्टा होता; जमिनीची मालकी शासनाकडेच राहिली. १९७६ च्या आदिवासी भूमी हक्क कायद्याने, आदिवासींच्या ताब्यातील अशा पट्ट्यांवर मालकीचा दावा करता येऊ लागला. त्यानुसार १९८६ मध्ये गुरिंजींना डागुरागुची कायमस्वरूपी मालकी मिळाली. ही जमीन विकता येत नाही.

वारसा

१९९६ मध्ये विक खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, चराईच्या पट्ट्यामुळे आदिवासींचे पारंपरिक हक्क आपोआप संपुष्टात येतातच असे नाही, असा निर्णय दिला. २०२० मध्ये वेव्ह हिलच्या जमिनीवरही गुरिंजींचे असे हक्क न्यायालयाने मान्य केले. नॉर्दर्न टेरिटरीतील एका संसदीय मतदारसंघाला लिंगियारी यांचे नाव देण्यात आले आहे.