रयतेचे नागरिक घडविणारे स्वामीजी

परभणी जिल्ह्यात, गोदावरीच्या खोऱ्यात सोनपेठ हे गाव आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला, तेव्हा हे गाव मात्र स्वतंत्र झाले नव्हते. सारा मराठवाडा त्या वेळी हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होता. तेथील लोक निजामाची रयत होते, नागरिक नव्हते. सभा भरवावयाची तर सरकारची परवानगी लागे. बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी व कन्नड बोलत. परंतु कारभार उर्दूत चाले. राज्य कसे चालावे, हे ठरविण्याचा अधिकार रयतेला नव्हता. तो अधिकार मिळावा म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत स्वामी रामानंद तीर्थ हे अग्रणी होत.

स्वामीजींचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. १९२० साली लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्या वार्तेने व्याकूळ झालेल्या सोळा वर्षांच्या व्यंकटेशाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचे व्रत घेतले. पुढे त्यांनी कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले. नंतर हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत व अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात त्यांनी मुलांना शिकविले. संन्यास घेऊनही ते रानावनात गेले नाहीत. लोकांची सेवा हीच त्यांची तपश्चर्या होती.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस ही संस्था निघाली आणि लगेच सरकारने तिच्यावर बंदी घातली. स्वामीजींनी सत्याग्रह करून कारावास पत्करला. ही बंदी १९४६ मध्ये उठली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांनी हैदराबादेत तिरंगा फडकविला आणि त्याच दिवशी त्यांस अटक झाली.

पुढे रझाकार या सशस्त्र संघटनेने खेड्यापाड्यांतून दहशत माजविली. तरीही हा लढा कोणा एका धर्माविरुद्ध नव्हता. तो अनियंत्रित सत्तेविरुद्ध होता. हैदराबादने भारतात सामील व्हावे, असे निर्भयपणे लिहिणारे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद राज्यात शिरले व १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. स्वामीजी बंधमुक्त झाले.

२६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. सोनपेठच्या शेतकऱ्यास, मजुरास व गृहिणीस दिल्लीकरांइतकेच हक्क लाभले. रयतेला राजाच्या मर्जीवर जगावे लागते. नागरिकाचे हक्क कायद्याने राखलेले असतात. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत २१ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषास एक मत होते. धनिकाचे मत जड नव्हते, की गरिबाचे हलके नव्हते.

१९५२ साली लोकांनी स्वामीजींना लोकसभेवर निवडून दिले. भाषावार राज्ये व्हावीत, असा आग्रह त्यांनी धरला. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याची विभागणी झाली आणि मराठवाडा मराठी मुलखाशी जोडला गेला. २२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजींचे देहावसान झाले. नांदेडच्या विद्यापीठास त्यांचेच नाव दिलेले आहे.

नागरिकत्व आज जन्मतःच लाभते, म्हणून त्याचे मोल सहसा ध्यानात येत नाही. परंतु मत देणे, कायदा पाळणे, शेजाऱ्याच्या हक्कांस जपणे आणि अन्याय दिसताच निर्भयपणे बोलणे, ही कर्तव्ये जो पार पाडतो, तोच स्वामीजींच्या कष्टांचे खरे चीज करतो.