मॉरिस एशर

मॉरिस एशर यांचा जन्म १८९८ सालीं हॉलंडांत झाला. शाळेंत गणित त्यांस जड जाई. शेवटच्या परीक्षेंत ते नापासही झाले. परंतु हार्लेमच्या कलाशाळेंत मेस्किटा गुरुजींनीं त्यांचा हात ओळखून त्यांस लांकडावर चित्रें कोरण्यास शिकविलें. १९३६ सालीं स्पेनमधील अलहंब्रा राजवाड्यांतील नक्षीदार फरशा त्यांनीं उतरून घेतल्या. मग मासे व पक्षी एकमेकांत असे बसविले कीं, तिळाएवढीही फट राहिली नाहीं. १९४४ सालीं नाझींनीं यहुदी गुरुजींस धरून नेलें, तेव्हां शिष्यानें त्यांचीं चित्रें जिवापाड जपलीं. १९५८ सालीं भूमितिज्ञ कॉक्सेटर यांची आकृति पाहून एशर यांनीं वर्तुळाच्या कडेकडे लहान होत जाणारे मासे कोरिले. १९७२ सालीं ते वारले. आज तशा आकृति संगणकावर काढितात. गुणपत्रिकेंतील तांबड्या रेघेनें मूल पारखूं नये, असें आम्हांस वाटतें.